मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि परभणीहून एकूण वेळ किती धरावा?

तुमचे आईवडील परभणीहून पहिल्यांदाच न्यूयॉर्कला निघालेत आणि अंतर, वेळ दोन्ही नीट कळायला हवंय, असं तुम्ही लिहिलंय. मीही परभणीचाच. लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत आम्ही दोघं जाऊन आलो, म्हणून सांगतो.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास, येताना १४ च्या. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असतं. जाताना ते तोंडावर येतं, येताना पाठीवर घेतं.

निघायच्या आधी हिनं शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल मागून आणला आणि गोधडीचा दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. तिला वाटलं होतं, अरबस्तान, आफ्रिका, मग समुद्र. पण ताण दिला तसा दोरा आपसूक वर सरकला, रशिया आणि नॉर्वेवरून थेट आइसलँडवर. गोलावरची सगळ्यात जवळची वाट तीच. प्रत्यक्षात विमानं कुणाचं आकाश खुलं आहे ते बघून वळतात. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा अशा फेऱ्यांचे तास वाढले. दुबईवरून गेलात तर अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढतं. वेळ जातो तो तिथे थांबण्यात.

तिकिटावरच्या वेळा वजा करू नका. प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. आमचं विमान रात्री दीडला सुटलं आणि सकाळी सातला उतरलं. कागदावर साडेपाच तास! हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, ते मिळवलं की १६ होतात. उन्हाळ्यात फरक साडेनऊचा.

आता घरापासून. संध्याकाळी सातला आम्ही कुलूप लावलं, देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई गाठली. दिवसभर कल्याणला भाच्याकडे पाठ टेकली, रात्री दहाला विमानतळावर. लेकीच्या दारात पोचलो तेव्हा मोजले, ४९ तास झाले होते. वयस्कर माणसांना तो मधला दिवस फार लागतो. गाडी उशिरा धावली तरी जीव टांगणीला लागत नाही, म्हणून तो वाचवू नका.

आणि एक तारीख घरातल्या दोघांनी तरी तपासा. विमान १५ तारखेच्या रात्री दीडचं असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्री दहाला हजर व्हायचंय. म्हणजे परभणीहून रेल्वेचं तिकीट १३ च्या रात्रीचं काढा.