लॉनचं गवत कापायला ट्रिमर घेताय ना? मग हे वाचा

फोंड्याकडच्या घराभोवती चार-पाच गुंठ्यांत लॉन असेल, तर पेट्रोलच्या मशिनीच्या मागे लागू नका. ती जड, वर टू-स्ट्रोक इंजिनची असेल तर पेट्रोलात ऑइल मिसळायचं लफडं. काजूच्या भाटात (बागेत) रान माजलं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हाला बॅटरीचा ट्रिमर पुरे. वायरवाला स्वस्त पडतो खरा, पण जून ते सप्टेंबर गवत सुकतंच कुठे? ओल्यात वायर ओढत फिरू नका.

दुकानात मशीन बॅटरीसकट हातात धरून बघा. कमरेत वाकावं लागलं तर दांडा आखूड आहे, दुसरा मागा.

नवीन माणसं हमखास करतात त्या चुका:

- लोखंडी पातं लावणं. चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागलं की संपलं. गरगर फिरून गवत कापणारी नायलॉनची दोरीच बरी.
- कोवळ्या कलमाच्या बुंध्याला दोरी घासणं. साल गोल सोलली की झाड गेलंच म्हणा. बुंध्याभोवतीचं गवत हातानेच उपटा.
- चपलेवर काम करणं. बूट आणि चष्मा हवाच, खडे सुसाट उडतात.

दोरीची जाडी वगैरे नंतर बघू.