होणारी सून आता छान दिसायला लागली, मग आधी मला काय झालं होतं?

ताई, तुमचं पत्र वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, ताईंच्या धाकट्या मुलाने पसंत केलेली मुलगी सावळी, दात जरा पुढे, फोटो बघूनच ताई बोलून गेल्या की आपल्या घरात शोभणार नाही, आणि ते तिच्या कानावर गेलं. मग यजमानांची बायपास झाली तेव्हा हीच मुलगी ऑफिस करून रात्री हॉस्पिटलला थांबायची, आणि आता ताईंना ती खरोखर छान दिसते. त्या विचारतायत, मी मनाची समजूत घालतेय का, आणि बोलले त्याचं आता काय करू.

समजूत नाही हो ताई, तुम्हाला ती छानच दिसतेय. १९७७ साली अमेरिकेत निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एकाच प्राध्यापकाचे दोन व्हिडिओ दाखवले, काहींना प्रेमाने बोलणारा, काहींना तुसडा. माणूस तोच, चेहरा तोच, तरी पहिल्या गटातल्या बहुतेकांना तो दिसायलाही आवडला आणि दुसऱ्या गटातल्या बहुतेकांच्या त्याचं दिसणं, लकबी, बोलण्याची ढब सगळंच डोक्यात गेलं. वर त्या मुलांना वाटत होतं की त्याचं दिसणं आवडलं नाही म्हणून तो आवडला नाही. खरं तर उलट झालं होतं. उद्या परत कधी तिचे दात डोळ्यांना खटकले तर घाबरू नका, प्रेम कुठे गेलेलं नसतं.

पण तुमच्या पत्रातली दुसरीच एक ओळ मला टोचली. थोरली सून दिसायला नक्षत्रासारखी, म्हणून बघायला गेलात तिथेच सुपारी फोडलीत. तिचा स्वभाव चांगलाच असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं ना? ही सवय फार जुनी आहे, १९२० मध्ये थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की लष्करातले अधिकारी हाताखालच्यांना मार्क देताना सुद्धा अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव हे वेगवेगळं बघूच शकत नाहीत, एकात बरा वाटला की सगळ्यात बरा. थोरलीला ते फुकट मिळालं आणि धाकटीला मात्र जागरणं करून दाखवावं लागलं. बायपास झालीच नसती तर? मुलगी तेवढीच गुणी असती, फक्त तुम्हाला दिसली नसती.

म्हणून माफी मागाच, पण दोघीच असताना. 'आता तू छान दिसतेस' असं चुकूनही म्हणू नका, म्हणजे परीक्षा चालूच राहिली असं तिला वाटेल. 'हॉस्पिटलमध्ये एवढं केलंस म्हणून' हेही नको. सरळ सांगा, फोटो बघून मी बोलले ते चुकीचं होतं, तू आमच्यासाठी काहीच केलं नसतंस तरी ते चुकीचंच होतं. ती लगेच मोकळी होईल असं नाही, थोडी गप्पगप्प राहिली तर राहू द्या, तिचा हक्क आहे तो.

आणि तुमच्या नणंदबाई लग्नाआधी दात सरळ करून घ्या, गोरं दिसायची ट्रीटमेंट घ्या म्हणून मागे लागल्यात, त्यांना तुम्हीच थांबवा, मुलावर किंवा तिच्यावर सोडू नका. दातांचं काय करायचं, मेकअप किती करायचा हे तिचं तिला ठरवू दे. साखरपुड्याची साडी घ्यायला जाल तेव्हा 'सावळ्या रंगावर हे खुलत नाही' असं कुणीतरी म्हणणारच, तेव्हा तिच्या आधी तुम्ही बोला.