ट्रकचा गिअरबॉक्स खोलला आहे, सिंक्रो रिंगा कंपनीच्या घ्याव्यात की बाजारातल्या?

तुम्ही लिहिलंय की गाडी सोळा टनी आहे, बॉक्स पाच गिअरचा आहे, दुसरा आणि तिसरा टाकताना खर्र आवाज येतो, इंदूरच्या देवास नाक्यावर बॉक्स खोलून पडलाय आणि दुकानदार तीन वेगवेगळ्या किमतींच्या रिंगा समोर ठेवतोय. मिस्त्री म्हणतो, रिंगा टाका आणि बंद करा.

भाऊ, रिंग नंतर. आधी गिअरचा कोन, म्हणजे रिंग जिथे बसते तो शंकूसारखा निमुळता भाग, तपासा. सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग, ही जोडी आहे: रिंगची आतली बाजू आणि गिअरवरचा पॉलिश केलेला कोन. बाजारात आपण जोडीतला एकच तुकडा विकत घेतो आणि जुन्या तुकड्याकडे कुणी बघत नाही. इंदूरमध्ये बॉक्स दोनदोनदा उघडावे लागतात त्यामागे मला हेच कारण सगळ्यात जास्त दिसतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. गिअर साफ करा, कोनाला गिअर ऑइलचा हात लावा, नवी रिंग बसवा, दाबून थोडी फिरवा म्हणजे ती नीट बसेल. आता रिंगचे दात आणि गिअरचे छोटे दात यांच्यामधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. एकाच जागी मोजू नका, समोरासमोरच्या दोन बाजूंना मोजा, जमलं तर तीन ठिकाणी. अशा मध्यम ट्रकच्या बॉक्सात नव्या जोडीला साधारण १ ते १.५ मिमी फट असते, आणि ती ०.५ ते ०.८ च्या आसपास आली की जोडी संपली समजा. नेमका आकडा तुमच्या बॉक्सच्या मॅन्युअलमधला धरा.

फट इतकी बोलते ती टेपरमुळे, म्हणजे कोनाच्या उतारामुळे. कोनाचा टेपर साधारण ६ ते ७ अंशांचा असतो. साडेसहा अंशांवर रिंग १ मिमी आत सरकली तर त्रिज्येत झीज झालेली असते जेमतेम ०.११ मिमी. म्हणजे डोळ्याला, बोटाला धड कळणार नाही इतक्या झिजेत सिंक्रोचं सगळं आयुष्य संपतं. ‘रिंग तर चांगली दिसतेय’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आणि फट जोडीची असते. जुना कोन झिजलेला असेल तर नवी कोरी रिंगसुद्धा खोल जाऊन बसते. १.२ यायला हवी तिथे नव्या रिंगवर ०.७ आली, तर जवळजवळ सगळं आयुष्य गिअरनेच खाल्लंय. तिथे कंपनीची रिंग घ्या नाहीतर सोन्याची घ्या, थोड्याच दिवसांत गाडी मानपूर घाटात परत ओरडणार.

एका गाडीचं उदाहरण देतो, कारण तुमची लक्षणं तीच आहेत. पीथमपूरहून माल भरून धुळ्याकडे जाणारी गाडी होती. बॉक्समध्ये काही महिन्यांपूर्वीच रिंगा पडलेल्या, तरी दुसरा गिअर पुन्हा खरखरायला लागला. मालकाने नकली माल म्हणून दुकानदाराशी भांडण काढलेलं. बॉक्स खोलल्यावर दुसऱ्याची फट मोजली तर १.१, अगदी व्यवस्थित! पण रिंग हातात घेऊन उजेडात धरली तेव्हा गिअरकडच्या तोंडावर लेथच्या बारीक गोल रेषा दिसल्या. नवी रिंग जुन्या कोनावर खोल बसत होती, फट कमी येत होती, म्हणून कुणीतरी रिंगचं तोंड खरादीकडून उतरवून घेतलं होतं. फीलर गेज खूश, गिअर तसाच.

आतली बाजू बघितल्यावर बाकीचं कळलं. पितळी रिंगच्या आत बारीक आटे असतात. त्यांची टोकं धारदार असली तरच ती कोनावरचं ऑइल कापून बाजूला करतात आणि मग धातूला धातू पकडतो. इथे रुंद तोंडाकडचे आटे जवळजवळ नवे होते आणि अरुंद तोंडाकडचे घासून आरशासारखे झाले होते. मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून रिंग कोनावर फिरवली तर रंग एका बाजूच्या पट्टीवरच उठला. जुन्या रिंगने कोनावर पायरी पाडली होती, वर पितळाचा थर चिकटला होता आणि एका भागावर निळसर झाक होती. निळा पडलेला कोन म्हणजे तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं. तो गिअर भंगारात जायला हवा होता.

तोंड उतरवण्याच्या या धंद्यावरून बऱ्याच जणांशी माझं वाजलेलं आहे आणि इथेही स्पष्ट सांगतो: तो इलाज नाही, झाकपाक आहे. रिंग खोल बसली की ती हबपासून, म्हणजे शाफ्टवरच्या मधल्या तुकड्यापासून, लांब जाते. मग हबवरच्या तीन की-पट्ट्यांना रिंगला ढकलायला जास्त अंतर सरकावं लागतं आणि रिंग अडवायच्या जागी उशिरा येते. तोवर स्लीव्ह, म्हणजे हबवर सरकणारं कडं, पुढे येऊन गिअरच्या दातांवर आपटलेली असते. तुम्हाला ऐकू येणारा खर्र आवाज तोच. ‘पुस्तकी मोजमाप’ म्हणून हसणाऱ्या मिस्त्रीला एवढंच विचारा, की तोंड उतरवल्याने झिजलेले आटे परत कसे येतात.

कोनावर फक्त पितळाचा थर असेल, पायरी नसेल, निळा नसेल, तर ४०० किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइल लावून गोल दिशेने हलका फिरवा, आडवा नाही. लेथवर कोन उतरवू नका, वरचा कडक थर निघून जातो. व्हॉल्व्हसारखं ग्राइंडिंग पेस्ट लावून रिंग घोळवणं तर अजिबात नको. पेस्टचे कण पितळात रुततात आणि नंतर कोन खात राहतात.

आता कंपनी की लोकल. दुसरा आणि तिसरा: कंपनीचीच, किंवा तो बॉक्स बनवणाऱ्याची. खाली उतरवताना याच दोन गिअरांवर सगळ्यात जास्त भार येतो. समजा तिसऱ्याचं गुणोत्तर २.४ आणि दुसऱ्याचं ४.१ आहे, तर १५०० आरपीएमवर फिरणारी क्लच प्लेट सिंक्रोला २५६० पर्यंत ओढायची असते. पाचव्यावरून चौथ्यावर येताना हा फरक बराच कमी असतो, आणि उष्णता फरकाच्या वर्गाने वाढते. चौथ्या-पाचव्याला लोकल चालेल, पण तीही वरच्या दोन्ही परीक्षांत, म्हणजे फट आणि मार्किंग ब्लू यांत पास झाली तरच. रंग निदान तीन चतुर्थांश भागावर सारखा उठला पाहिजे.

पितळीच्या जागी मॉलिब्डेनमची किंवा कार्बनची रिंग ‘जास्त चालते’ म्हणून टाकू नका. कोनाची पॉलिश आणि ऑइल त्या अस्तराप्रमाणे ठरलेलं असतं. जी होती तीच जात घ्या. दुकानात जुनी रिंग घेऊन जा आणि दातांची संख्या, रुंदी, की-पट्टीच्या खाचा, दातांच्या टोकांचा उतार हे सगळं ताडून बघा. डबल कोन, म्हणजे दोन कोनांवर पकडणारा सिंक्रो, असेल तर तिन्ही रिंगा एकत्र बदला.

दुसरा-तिसरा एकाच हबवर असेल तर स्लीव्हही बघा. आतल्या दातांची टोकं गोल झाली असतील तर नवी रिंगही अडवू शकणार नाही. की-पट्ट्यांवर मधला उंचवटा सपाट झाला असेल तर त्या आणि स्प्रिंगा बदला, हा खर्च रिंगच्या मानाने काहीच नाही. फोर्कचे (स्लीव्ह सरकवणाऱ्या चिमट्याचे) पॅड आणि गिअरचा एंड प्ले (मागे-पुढे हलण्याची मोकळीक) तपासल्याशिवाय झाकण लावू नका. नवी रिंग कोरडी बसवू नका, आधी ऑइलमध्ये बुडवा. ऑइल मॅन्युअलमधलंच. पितळी रिंगच्या बॉक्सला बहुधा जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं. डिफरन्शियलचं जीएल-५ उरलंय म्हणून तेच ओतायचं नाही. घट्ट १४० नंबरही नको, त्यात आटे ऑइल कापूच शकत नाहीत.

एक गोष्ट खरं तर आधी विचारायला हवी होती: बॉक्स उतरवण्याआधी रिव्हर्स टाकून बघितला होता का? इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून पाच-सात सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स. तरीही खर्र वाजला तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम आहे. अशा वेळी कितीही किमतीची रिंग टिकणार नाही. आता बॉक्स खाली आहेच, तर ते बेअरिंग बोटाने फिरवून बघा, आणि क्लच प्लेट मूळ मापापेक्षा जड टाकलेली नाही ना तेही.