चुकीचे कॉलेज निवडले गेले तर?

बारावीचा निकाल लागून सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की पुण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा प्रश्न एकच असतो: ‘मॅडम, कॉलेज चुकलं तर?’ तो कधी आई विचारते, कधी वडील. ज्याला शिकायचे आहे तो मुलगा किंवा मुलगी बहुधा गप्पच असते. ही भीती इतक्या वेळा कानावर आली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका मुलीची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मृण्मयी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या वडिलांच्या हातात जाडजूड फाइल होती. गेल्या तीन वर्षांचे कॅप राउंडचे, म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे, कटऑफ त्यांनी छापून आणले होते आणि कॉलेजांच्या नावांवर पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रंगाच्या रेघा ओढल्या होत्या. ‘हिला शहाण्णव पर्सेंटाइल आहेत. सीओईपीसारख्या नावाजलेल्या कॉलेजचं कॉम्प्युटर गेलंच. उरलेल्यांतलं कोणतं वर टाकू, एवढं सांगा,’ ते म्हणाले. मी मृण्मयीला विचारले, ‘यांतल्या कोणत्या कॉलेजात तू आत जाऊन आली आहेस?’

‘एकाही नाही.’

‘तिथे काय शिकवतात हे वाचलंस?’

‘बाबांनी वाचलंय.’

कटऑफ या आकड्याविषयी पालकांचा एक गैरसमज मला वारंवार खोडून काढावा लागतो. त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलवर झाला, एवढेच तो सांगतो. म्हणजे त्यातून मागणी कळते. पहिल्या वर्षाला कोण शिकवते, प्रयोगशाळेत एका उपकरणाभोवती किती मुले उभी असतात, हे त्यातून कळत नाही. तरीही घरोघरी तो आकडा मुलाच्या लायकीचा दाखला म्हणून वाचला जातो, आणि खरी भीती तिथे जन्म घेते.

दुसऱ्या भेटीत आईच्या बोलण्यातून कळले, की मृण्मयी दगड गोळा करते. तिने रुमालात गुंडाळलेला एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला: स्टिल्बाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांवर बसलेला, बोराएवढा, गर्द निळ्या सुयांचा गोळा. ‘हा कॅव्हन्साइट. वाघोलीच्या खाणीतला आहे. जगात इतका चांगला फार कमी ठिकाणी मिळतो,’ असे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. अशा वेळी ‘मग आवडीचेच शिक’ असा सल्ला देण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो देत नाही. छंदाने विषयाची दिशा कळते, पण त्या विषयाचा रोजचा अभ्यास आपल्याला झेपेल आणि रुचेल की नाही, हे तेवढ्याने ठरत नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, आणि या प्रश्नावर तिच्याइतकी उपयोगी पद्धत दुसरी नाही असे माझे मत आहे. हवेसे कॉलेज मिळावे ही तीव्र इच्छा अगदी रास्त आहे. परंतु ते मिळालेच पाहिजे, नाहीतर सारे संपले, असा हट्ट मनाने धरला, की विचार करण्याची ताकदच खुंटते. म्हणून तिसऱ्या भेटीत मी ती भीती शेवटपर्यंत बोलून घेतली.

‘समज, यादीतलं एकही नावाजलेलं कॉलेज मिळालं नाही. काय होईल?’

‘साधं कॉलेज मिळेल.’

‘मग?’

‘चार वर्षं तिथे शिकेन.’

‘त्यात सहन न होण्यासारखं काय आहे?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग वडिलांकडे न पाहता म्हणाली, ‘बाबांना ऑफिसात सांगता येणार नाही.’

‘मी असं कधी म्हणालो?’ वडील चमकून म्हणाले.

‘म्हणाला नाहीत. पण जोशीकाकांच्या मुलाला सीओईपी मिळालं, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.’

पुढची काही मिनिटे मी मुद्दाम बोलले नाही. अनुभवाने मला एवढे कळले आहे, की अशा शांततेत समुपदेशकाने एक चांगले वाक्य टाकले, तर घरच्यांचे वाक्य अडून राहते. शेवटी वडीलच म्हणाले, ‘मला वाईट वाटलं होतं हे खरं आहे. पण ते माझं वाईट वाटणं आहे. ते तू कशाला वाहतेस?’ कॉलेजचे नाव हा मुलीच्या किमतीचा निकाल नाही आणि बापाच्या किमतीचा तर नाहीच, हे मी सांगून जेवढे पटले असते त्याच्या कितीतरी पट अधिक त्या एका प्रश्नाने पटले.

त्यानंतर फाइल बाजूला पडली आणि काम सुरू झाले. मृण्मयीने कामाच्या दिवशी, तासिका चालू असताना तीन ठिकाणी जायचे, आणि प्रवेश कक्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी अधिक बोलायचे, असे ठरले. एका अभियांत्रिकी कॉलेजात सर्वाधिक पॅकेजचा मोठा फलक होता. शाखेत मुले किती, त्यांतील नोकरी कितींना आणि मधल्या विद्यार्थ्याला पगार किती, या तिच्या प्रश्नांना मात्र उत्तर मिळाले नाही. दुसरीकडे सिव्हिलच्या मुलांनी तिला अभियांत्रिकी भूविज्ञानाचा अभ्यासक्रम दाखवला. फर्ग्युसनमध्ये ती भूविज्ञान विभागात दोन तास रमली आणि परत येताना प्रश्नांचे एक पान भरून घेऊन आली.

‘पण हे शिकून खाणार काय?’ हा वडिलांचा प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर मी दिले नाही, तिला शोधायला लावले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पदांसाठी यूपीएससीची स्वतंत्र परीक्षा असते, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे, बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते, आणि या वाटेने जायचे तर एमएस्सीपर्यंत शिकण्याची तयारी हवी, हे तिने स्वतः मांडले. यातील शेवटचा मुद्दा तिने लपवला नाही, याचे मला विशेष वाटले.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना दोन गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात घ्याव्यात. पसंतीक्रम आपल्या इच्छेच्या क्रमाने लावावा, कटऑफच्या नव्हे. अवघड वाटणारे कॉलेज वर टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही, कारण जागावाटप गुणवत्ताक्रमानुसार होते. मात्र पहिली पसंती मिळाली तर पुढच्या फेरीत बदल करता येत नाही, म्हणून ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून कोणतेही नाव पहिले टाकू नये. मृण्मयीने सिव्हिलचे मोजकेच पर्याय भरले, आणि जिथे रोज जाऊन-येऊन तीन तास मोडले असते ते कॉलेज स्वतःच्या हाताने खोडले.

बीएस्सीचे प्रवेश कॅपच्या बरेच आधी होतात, त्यामुळे अनेक घरांत दोन्हीकडे शुल्क भरण्याची वेळ येते. प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे मृण्मयीच्या वडिलांनी भूविज्ञानाच्या बीएस्सीचे पैसे भरण्यापूर्वीच लेखी घेऊन ठेवले होते. पुढे सिव्हिलची जागा लागली, तेव्हा तिने दोन दिवस मागून घेतले, दोन्ही अभ्यासक्रम पुन्हा शेजारी ठेवून वाचले आणि ती जागा सोडली.