वाचकांचे प्रश्न : ४के फुटेज, घरचा कॉम्प्युटर आणि प्रॉक्सी

प्रश्न : बहिणीच्या लग्नाचं तीन तासांचं फुटेज आहे, सगळं ४के, एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत). कॉम्प्युटर आय-५, रॅम ८ जीबी. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर क्लिप अडकत अडकत चालते. दुकानदाराच्या सांगण्यावरून एसएसडी बसवली, तरी तेच. हीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये मात्र सुरळीत चालते. असं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एसएसडी पुढे कामाला येईल, पण दुखणं तिथे नव्हतं. असं ४के फुटेज बऱ्याचदा १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने रेकॉर्ड होतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. एवढं तर साधी हार्ड डिस्कही आरामात वाचते. गाडी अडते ती प्रोसेसरपाशी.

एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण अर्ध्या-एक सेकंदाला एक फ्रेम पूर्ण असते. मधल्यांमध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, तेवढीच नोंद. व्हीएलसी सरळ पुढे जात राहतं, त्यामुळे त्याचं भागतं. एडिटिंग करताना तुम्ही अंतरपाट दूर होतानाची नेमकी फ्रेम शोधायला प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती रेघ) मागेपुढे करता. एक फ्रेम मागे जायचं तरी प्रोसेसरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून सगळ्या फ्रेम पुन्हा उलगडाव्या लागतात, त्याही ४के आकारात. थोडक्यात, डिस्कवर कमी जागा खाणारी फाइल चालवायला हलकी असतेच असं नाही.

प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची चालवायला हलकी प्रत. एडिट तिच्यावर करायचं, एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरतं. रिझॉल्व्हमध्ये 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मधल्या 'मास्टर सेटिंग्ज'मध्ये जा. प्रॉक्सीचं रिझोल्यूशन 'हाफ' ठेवा (३८४० बाय २१६० चं १९२० बाय १०८० होईल) आणि फॉरमॅट 'डीएनएक्सएचआर एलबी'. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून प्लेहेड कुठेही न्या, लगेच चित्र दिसतं. त्याच पानावर 'वर्किंग फोल्डर्स'मध्ये प्रॉक्सीची जागा म्हणून एसएसडीवरचा फोल्डर द्या. मग मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप निवडा, राइट क्लिक, 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'. तीन तासांच्या फुटेजला अशा कॉम्प्युटरवर वेळ लागणारच. रात्री लावून ठेवा आणि स्लीप मोड आधी बंद करा, नाहीतर सकाळी काम अर्धवट दिसेल. शेवटी 'प्लेबॅक' मेनूतल्या 'प्रॉक्सी हँडलिंग'मध्ये 'प्रिफर प्रॉक्सीज' निवडा.

जागेचा हिशेब : १०८०, २५ फ्रेमच्या अशा प्रॉक्सीला तासाला १६-१७ जीबी लागतात, म्हणजे तुम्हाला पन्नासेक. (मूळ फुटेज १०० मेगाबिटचं असेल तर तेच तासाला ४५ जीबी.) जागा नसेल तर 'क्वार्टर' घ्या, पण ९६० बाय ५४० मध्ये चेहरा फोकसमध्ये आहे की नाही हे कळत नाही. फोकस, अंधारातला नॉइज आणि कलर या तीन गोष्टी तपासताना 'डिसेबल ऑल प्रॉक्सीज' करून मूळ चित्रच बघा. 'टाइमलाइन प्रॉक्सी रिझोल्यूशन' हा वेगळा पर्याय आहे. त्याने इफेक्टचा भार कमी होतो, एच.२६५ उलगडायचा नाही. रॅम मात्र १६ जीबी करून घ्या, ८ मध्ये रिझॉल्व्हचा जीव गुदमरतो.

प्रश्न : प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करते. फाइल छोट्या करून एडिट केलं, नंतर मूळ फाइल जोडल्या तर सगळ्या क्लिप झूम झालेल्या. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये भलत्याच क्लिप जोडल्या गेल्या!
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर : बहुधा तुम्ही छोट्या फाइल थेट इम्पोर्ट केल्यात. प्रीमियरमध्ये क्लिपचा 'स्केल' टक्क्यांत असतो आणि ते टक्के फाइलच्या स्वतःच्या आकाराचे असतात. ७२०च्या सिक्वेन्समध्ये (म्हणजे टाइमलाइनमध्ये) ७२०ची क्लिप १०० टक्क्यांवर चपखल बसते. तिच्या जागी ४के आली की १०० टक्क्यांत फक्त मधला तुकडा दिसतो. आता झूम झालेल्या क्लिप निवडून 'सेट टू फ्रेम साइज' करा. जिथे हाताने झूम दिलाय तिथे मात्र तो पुन्हा द्यावा लागेल. यापुढे नेहमी मूळ फाइल इम्पोर्ट करा, राइट क्लिक, 'प्रॉक्सी', 'क्रिएट प्रॉक्सीज' (मीडिया एन्कोडर बसवलेलं हवं). स्केलचा हिशेब मग प्रीमियर सांभाळतं. बाहेर बनवलेली प्रॉक्सी 'अटॅच' करायची तर ऑडिओ चॅनल मूळइतकेच हवेत. मूळला चार आणि प्रॉक्सीला दोन असतील तर ती जोडली जात नाही.

भलत्या क्लिपचं कारण बहुतेक वेळा नावात असतं. कार्ड फॉरमॅट केलं की बरेच कॅमेरे पुन्हा सी०००१ पासून मोजायला लागतात. हळदीच्या कार्डवर सी०००१, रिसेप्शनच्या कार्डवरही सी०००१. इम्पोर्ट करण्याआधीच फाइलना 'हळद_ए_०००१' अशी नावं द्या. इम्पोर्टनंतर नाव बदललंत तर 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फाइल सापडत नाही.

प्रश्न : मोबाइलच्या व्हिडिओची प्रॉक्सी केली. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहा मिनिटांनी आवाज पुढे पळतो.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) सहसा स्थिर नसतो, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की बदलतो. प्रॉक्सी स्थिर दराने बनते आणि फरक साचत जातो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या 'मीडियाइन्फो'मध्ये फाइल उघडा, फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' दिसेल. अशी फाइल आधी 'हँडब्रेक' या कन्व्हर्टरमधून काढा : 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', दर ३०चं शूट असेल तर ३०च (२५ केलंत तर हालचाल धक्के खात दिसेल), क्वालिटी आरएफ १८. एचडीआर शूट असेल तर १०-बिट एन्कोडर. ही नवी फाइलच यापुढे मूळ समजा आणि प्रॉक्सी तिचीच करा.

प्रश्न : गोप्रोच्या कार्डवरच्या एलआरव्ही फाइल मी नेहमी डिलीट करतो. बरोबर ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. त्या कॅमेऱ्यानेच बनवलेल्या छोट्या प्रती आहेत. जीएक्स०१०१२३ या एमपी४ची प्रत जीएल०१०१२३ या नावाने असते. एक्स्टेन्शन बदलून एमपी४ केलं की ती चालते. मग रिझॉल्व्हमध्ये 'लिंक प्रॉक्सी मीडिया', प्रीमियरमध्ये 'अटॅच प्रॉक्सीज'. दोन्हींचा फ्रेम रेट सारखा आहे ना, हे मीडियाइन्फोमध्ये बघून घ्या. सोनीच्या कॅमेऱ्यात प्रॉक्सी रेकॉर्डिंग चालू केलं असेल तर तशाच प्रती 'सब' फोल्डरमध्ये मिळतात, नावाच्या शेवटी एस०३ लागलेल्या.