नवी हार्ड डिस्क महिन्याभरातच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पिवळं 'कॉशन' दाखवतेय. वापरत राहू की बदलून घेऊ?

बदलून घ्या, तेही रिटर्नची मुदत संपायच्या आत. हे पिवळं 'कॉशन' बहुधा ०५, सी५ किंवा सी६ या ओळींमुळे येतं. ०५ म्हणजे खराब निघाल्याने राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे धड वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्तच न झालेले. जुन्या डिस्कवर असे दोन-चार एक वेळ चालवून घेता येतात. कोऱ्या डिस्कवर आकडा वाढत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, महत्त्वाच्या फाइली पहिल्या. त्याआधी 'चेकडिस्क' (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवायच्या फंदात पडू नका, आजारी डिस्क त्यात आणखी पिळून निघते. आकड्यांचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा, कारण पूर्ण फॉरमॅट मारल्यावर सी५ कधी कधी शून्यावर येतो आणि दुकानदार म्हणतो, "चालतेय की!"

मात्र ०५, सी५, सी६ शून्य असून फक्त सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुकांचा आकडा) वाढत असेल, तर दोष बहुतेक वेळा डिस्क कॉम्प्युटरला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलून बघा. जुना आकडा खाली येणार नाही, पण पुढे वाढायचा थांबला की डिस्क ठीक समजा.