बंदूक नंतर घ्या, आधी डोळा तपासा

क्ले शूटिंग म्हणजे हवेत उडवलेल्या ठिसूळ चकत्या (क्ले) शॉटगनने, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकीने, फोडायचा खेळ. पहिल्या क्लेचा हवेतच चुरा झाला की हा खेळ सुटत नाही, त्यामुळे लगेच स्वतःची बंदूक घ्यायचा तुमचा उत्साह अगदी समजतो. पण इंग्लंडमध्ये लगेच शॉटगन घ्यायला धावू नका. स्वतःच्या बंदुकीला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. मान्यता असलेल्या मैदानावर मात्र क्लबची बंदूक त्याशिवाय वापरता येते. सुरुवातीचे पैसे प्रशिक्षकावर घाला.

त्यांच्याकडून आधी प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्या डोळ्यावर जास्त विसंबतो तो, तपासून घ्या. बंदूक उजव्या खांद्यावर आणि प्रबळ डोळा डावा असेल, तर सगळं नीट करूनही क्ले निसटत राहतात, आणि लोक उगाच बंदूक बदलत बसतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- रायफलसारखा नेम धरणं. नजर नळीवरच्या मण्यावर नको, क्लेवर हवी.
- चाप ओढताना हात थांबवणं. छर्रे सुटल्यावरही बंदूक फिरती राहू द्या.
- क्ले फुटली का ते बघायला गाल स्टॉकवरून (बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरून) उचलणं. हे जवळपास सगळेच करतात.

१२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) बंदूक असेल तर २४ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसं घ्या, धक्का कमी बसतो. चष्मा आणि कानाचं संरक्षण पहिला बार काढण्याआधीपासूनच. जागेवरून हलताना बंदूक खोललेली (काडतूस भरायची बाजू उघडी) आणि रिकामी, यात सवलत नाही. चोकचं (नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भागाचं) नंतर बोलू.